विष नाही म्हणून पाळायचा?

गेल्या गणपतीत मुंबईचा भाचा पोलादपुरात आमच्याकडे आला होता. सावित्रीकाठच्या खाचराच्या बांधात त्याला अजगराचं पिल्लू दिसलं. दोनेक फुटांचं. गड्यानं ते पिशवीत घालून थेट घरी आणलं. दुसऱ्या दिवशी महाडहून एसटीनं मुंबईला न्यायचा बेत!

"मामा, ह्याला विष नसतं. काचेच्या पेटीत ठेवीन. लोक ठेवतात."

मी म्हटलं, "अरे, तुझ्या खोलीत तुलाच पाय पसरायला जागा नाही. उद्या हा दहा फुटांचा झाला की कुठं पसरणार?"

लोक ठेवतात हे खरं. आफ्रिकेतले बॉल पायथन हौसेनं पाळतात. 2023 च्या डिसेंबरात मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात, बिस्किटांच्या पाकिटांत असे अजगर सापडले. हौस एकाची, गुदमरणं दुसऱ्याचं. आपला अजगर पाळणं तर गुन्हाच. 1972 च्या वन्यजीव कायद्यात तो वाघाच्या पंगतीला, पहिल्या अनुसूचीत आहे. तीन ते सात वर्षं आत जावं लागतं.

पण मी तुरुंगाच्या भीतीनं बोलत नाही. विष नाही म्हणून जनावर पाळीव होत नसतं. बैल धन्याचा हात ओळखतो, कुत्रा हाक ओळखतो. अजगराला तुमची माया कळत नाही, फक्त ऊब कळते. पेटीत गप्प पडला की मालक म्हणतो, सुखात आहे. अहो, त्याला दबा धरायला रान लागतं, डुंबायला पाणी लागतं. मादी अंड्यांना वेटोळं घालून दोन-दोन महिने बसते, अंग थरथरवून त्यांना ऊब देते. हे पेटीत कुठून आणाल?

आता गाववाल्यांनो, तुम्हीही हसू नका. माझंही एक करडू अजगरानं गिळलं. तेव्हा मीही काठी उचलली होती. मग कणगीकडे लक्ष गेलं. उंदीर-घुशी वर्षभर भात खातात, त्याचा हिशोब कुणी मांडत नाही. करडाचा मात्र गावभर होतो. शिवाय करडू गेलं ते गोठ्याचं दार मी उघडं टाकलं म्हणून. काठीनं ठेचणारा गावकरी आणि पेटीत कोंडणारा शहरवाला, मला दोघंही सारखेच. त्याला त्याच्या जागी राहू देणं दोघांनाही जमत नाही. घरात शिरलाच तर 1926 वर वनखात्याला फोन लावा. काठी नको नि पिशवीही नको.

त्याच संध्याकाळी भाच्याला घेऊन बांधावर गेलो. पिशवी उघडली. पिल्लू कपारीत शिरलं, मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. भाचा हिरमुसला.

म्हटलं, "पाळायचीच हौस असेल तर इथं राहा, वासरू पाळ. सकाळी उठून शेण काढावं लागतं, एवढंच."