यंत्राची पावले आणि खर्चाची बाजू

पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला जबर इजा झाली, की मेंदूचा निरोप पायांपर्यंत पोहोचत नाही. पाय शाबूत असतात, पण हलत नाहीत. अशा माणसाला उभे करून चालवणारा यंत्राचा सांगाडा आता निघाला आहे. त्यास एक्झोस्केलेटन म्हणतात. तो पायांना बाहेरून पट्ट्यांनी बांधतात. खुब्यापाशी व गुडघ्यापाशी बॅटरीवर चालणाऱ्या मोटारी असतात. माणूस किंचित पुढे झुकला, की यंत्र ते ओळखून पाऊल टाकते. तोल मात्र ज्याचा त्याने दोन कुबड्यांवर सांभाळायचा.

वाचकहो, यांपैकी ‘रीवॉक’ या यंत्राची हकिकत आम्हांस विचार करण्याजोगी वाटते. इस्रायलचे अभियंते अमित गॉफर यांना १९९७ साली वाहनाच्या अपघातात हातापायांचा पक्षाघात झाला. पुढे हे यंत्र त्यांनीच शोधून काढले. परंतु कुबड्या पेलण्याइतके बळ त्यांच्या हातांत नव्हते, म्हणून ते त्यांना स्वतःला वापरता आले नाही! इंग्लंडच्या क्लेअर लोमास यांचे हात धड होते. २००७ साली घोड्यावरून पडून त्यांचे छातीखालचे अंग लुळे पडले होते. रीवॉक घालून त्यांनी २०१२ ची लंडन मॅरेथॉन २२ एप्रिलला सुरू केली आणि ८ मे रोजी पूर्ण केली. ४२ किलोमीटर चालण्यास १७ दिवस लागले. २०२४ साली त्यांचे निधन झाले, पण ती जिद्द विसरता येत नाही. तेव्हा हे यंत्र चालवते, इजा बरी करीत नाही. आणि चालवते तेही सर्वांना नाही.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. जमेबरोबर खर्चाची बाजूही पाहतो. अमेरिकेत रीवॉक घरी वापरण्यास २०१४ साली सरकारी मान्यता मिळाली. पात्र माजी सैनिकांना ते सरकारी खर्चाने देण्याचे धोरण २०१५ च्या अखेरीस ठरले. परंतु वृद्धांच्या व अपंगांच्या ‘मेडिकेअर’ या सरकारी विमा योजनेने त्याचा दर ठरवला तो एप्रिल २०२४ मध्ये, सुमारे ९१ हजार डॉलर. मान्यता आणि दर यांमध्ये दहा वर्षे गेली. इतकी रक्कम घरच्या कमाईतून कोण उभी करणार? म्हणूनच शोध लागला, तरी तो गरिबाच्या दारी आपोआप येत नाही. नियम बदलून घ्यावे लागतात, हक्क मागावा लागतो.

गॉफर यांनी पुढे उभ्याने हिंडता येईल अशी चाकांची खुर्ची तयार केली. चाकांची खुर्ची म्हणजे हार नव्हे, हे त्यातून शिकावे. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतींत अशा व्यक्तींना सहज जाता यावे, असे बंधन घातले आहे. त्यासाठी मोटार लागत नाही, बॅटरी लागत नाही. आपल्या वस्तीतील शाळा, दवाखाना व समाजमंदिर यांच्या पायऱ्यांशेजारी उतार आहे काय, हे येत्या रविवारी पाहा. नसेल, तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.