न वाचता दिलेला निकाल

विज्ञानकथेच्या दुनियेत ह्यूगो पुरस्काराचा मोठा मान आहे. १९५५ साली अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या संमेलनात तो मार्क क्लिफ्टन आणि फ्रँक रायली यांच्या ‘दे’ड रादर बी राइट’ या कादंबरीला मिळाला. नावाचा अर्थ असा की, त्यांना आपले तेच खरे ठरणे अधिक प्यारे. पुढे या पुस्तकाच्या कपाळी ‘ह्यूगो मिळालेली सर्वांत वाईट कादंबरी’ असा शिक्का बसला तो आजतागायत. शिक्का मारणाऱ्यांपैकी किती जणांनी ती वाचली आहे?

दोष आहेत, ते झाकण्यात अर्थ नाही. १९५४ साली ‘अस्टाउंडिंग’ मासिकात ती क्रमशः आली. पात्रे बोलत नाहीत, तकरीर झोडतात. कथा मध्येच थांबते आणि लेखक शिकवायला बसतो. त्याच वर्षी पुस्तकरूपाने आलेल्या आसिमोव्ह यांच्या ‘द केव्हज ऑफ स्टील’शेजारी ती कच्ची वाटते. पुरस्कार चुकला, असे कोणी म्हटले तर माझे भांडण नाही. भांडण आहे ते पुढच्या उडीशी. पुरस्कार चुकला म्हणून पुस्तक टाकाऊ, आणि पुस्तक टाकाऊ म्हणून त्यातला विचारही टाकाऊ, हा कुठला न्याय?

तो विचार काय आहे? बॉसी नावाचे एक यंत्र आहे. ते म्हाताऱ्या शरीराला पुन्हा तरुण करते. अट एकच: मनात घट्ट धरून ठेवलेली मते सोडण्याची तयारी हवी. पहिली तरुण होते ती मेबल, शरीर विकून आयुष्य काढलेली, समाजाने ओवाळून टाकलेली म्हातारी. आणि ज्यांच्या देखरेखीखाली यंत्र घडले ते प्राध्यापक बिलिंग्ज? त्यांच्यावर इलाज चालत नाही. जन्मभर जमवलेले इल्म आडवे येते. तारुण्य दारात उभे आहे, पण आपण बरोबर आहोत ही खात्री सुटत नाही.

हा प्रसंग आम्हा शिक्षकांच्या वर्मी लागणारा आहे. मुलांच्या चुका लाल शाईने दाखवायला आम्ही बी.एड.मध्ये शिकतो. आपले उत्तरही चुकीचे असू शकते, हे कोणत्या तासाला शिकवले जाते?

काळही ध्यानात घ्या. १९५४ची अमेरिका म्हणजे सेनेटर मॅकार्थींच्या चौकशांची अमेरिका. मतांपायी माणसांच्या नोकऱ्या जात होत्या. कादंबरीतल्या समाजातही विचारांवर पहारा आहे आणि बॉसीविरुद्ध जमाव पेटून उठतो. अशा दिवसांत खात्रीलाच रोग म्हणणे ही लहान गोष्ट नव्हती.

आज तर हे पुस्तक अधिकच वाचण्याजोगे झाले आहे. प्रश्न विचारला की उत्तर देणारी यंत्रे आता आपल्या खिशात आहेत, आणि त्यांतली कित्येक आपल्याच मताला गोड शब्दांत मान डोलावतात. बॉसी मान डोलावत नाही. ती माणसाकडे किंमत मागते, आणि ती किंमत सर्वांत जास्त शिकलेल्याला सर्वांत जड जाते.

सुंदर लिहिलेली पण काहीच न विचारणारी पुस्तके आपण डोक्यावर घेतो. बेढब लिहिलेले पण नेमके विचारणारे पुस्तक ऐकीव मतावर फेकून देतो. वाचकहो, आधी ती कादंबरी वाचा. मग खुशाल वाईट म्हणा. निदान तो निकाल तुमचा स्वतःचा असेल.