शाळा सोडून घरी शिकायचे, तर सुरुवात कोठून?

मागील उन्हाळी सुट्टीतील गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या आवारात उभे असताना, आठवीची परीक्षा देऊन नववीत जाणारा एक मुलगा आपल्या आईसह आमच्याजवळ आला. थोडे घुटमळून त्याने विचारले, "सर, शाळेत न जाता घरीच शिकलं तर चालतं का? आणि चालत असेल, तर सगळ्यात आधी करायचं काय?" आई खाली मान घालून उभी होती. वडील आखातात नोकरीला. घरात या विषयावर बराच खल झालेला असावा, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

आमच्या समाजात हा प्रश्न काहीसा विचित्र वाटतो, कारण चर्च आणि शाळा एकाच आवारात पाहत आपण वाढलो. मिशनरी धर्मगुरू व धर्मभगिनींनी गावोगावी शाळा उघडल्या, म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला अक्षरओळख झाली. अशा समाजातील मुलाने शाळा नको म्हणावे, हे पटकन पचनी पडत नाही. तथापि कोरोनाच्या काळात २०२० आणि २०२१ साली शाळा बंद राहिल्या, तेव्हा काही मुले खोलीत एकटी पडून कोमेजली, तर काही मुले पहिल्यांदाच स्वतःच्या गतीने शिकली. या दुसऱ्या प्रकारच्या मुलांचा प्रश्न शाळा उघडल्यावर संपला नाही. त्यांना उडवून न लावता सरळ उत्तर देणे आपले कर्तव्य आहे.

घरी शिकणे ही पाश्चात्त्यांकडून आलेली नवी टूम आहे, असेही समजण्याचे कारण नाही. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) शाळेत गेल्या नव्हत्या. तीर्थयात्रा करीत फिरणाऱ्या कुटुंबात आईवडिलांनीच त्यांना संस्कृत शिकविले आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' म्हणून गौरविले. १८८३ साली त्या ख्रिस्ती झाल्या, म्हणून त्यांचे नाव आपल्याला अधिक जवळचे. ख्रिस्तसभेची शिकवणही याबाबतीत स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जी घोषणा केली, तीत आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक असल्याचे म्हटले आहे. शाळा त्यांच्या साहाय्याला येते, त्यांची जागा घेत नाही.

आता कायदा. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. तो ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना लागू आहे. त्याचे दहावे कलम सांगते की, मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. मात्र हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा कायद्यात सांगितलेली नाही. घरी शिकविण्याचा उल्लेखच कायद्यात नाही; ना परवानगी, ना बंदी. पुढे दिल्ली उच्च न्यायालयात हा विषय गेला असता केंद्र सरकारने २०१२ साली प्रतिज्ञापत्राद्वारे कळविले की, स्वेच्छेने घरी शिकविणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही. परंतु प्रतिज्ञापत्र म्हणजे कायद्यातील दुरुस्ती नव्हे. महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांचा शोध घेण्याची मोहीम चालते. ४ जुलै २०१५ रोजी तर एकाच दिवशी राज्यभर सर्वेक्षण झाले होते. अशा वेळी दारी येणाऱ्या शिक्षकाच्या तक्त्यात 'घरी शिकतो' असा रकाना नसतो. त्या मुलाची गणना शाळाबाह्य म्हणून होण्याचीच शक्यता अधिक.

आमच्यासमोर उभा असलेला मुलगा मात्र नुकताच चौदा वर्षे पूर्ण झालेला. म्हणजे सक्तीच्या शिक्षणाचा कायदा त्याच्यापुरता जवळजवळ संपलेला. येथे एक बाब पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही, म्हणून आम्ही तिच्यावर थोडे रेंगाळतो. चौदा वर्षांपर्यंत घरी शिकण्याला कायद्याचा स्पष्ट आधार नाही, पण परतण्याची वाट मोकळी आहे, कारण त्याच कायद्याच्या चौथ्या कलमानुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात प्रवेश मिळतो. चौदानंतर कायदा आड येत नाही, पण परतण्याचा तो हक्कही उरत नाही. नववी-दहावीच्या वर्गात मध्येच प्रवेश देणे शाळेच्या मर्जीवर आणि मंडळाच्या नियमांवर अवलंबून असते. तेव्हा या वयाच्या विद्यार्थ्याने 'जमले नाही तर पुन्हा शाळेत जाईन' हे गृहीत धरू नये. कोणत्या परीक्षेच्या दारातून आपण बाहेर पडणार, हे शाळेचा दाखला काढण्यापूर्वी ठरवावे, नंतर नव्हे.

अशी दारे आपल्याकडे आहेत. पहिले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे, ज्याला सारे एनआयओएस म्हणतात. ही संस्था १९८९ साली स्थापन झाली. तिच्या माध्यमिक, म्हणजे दहावीच्या, परीक्षेसाठी किमान वय १४ वर्षे आहे आणि बारावीसाठी १५. पाच विषय घ्यायचे, त्यांत किमान एक भाषा. नोंदणी पाच वर्षे वैध राहते आणि त्या काळात परीक्षेला नऊ वेळा बसता येते. एकेक विषय सोडवीत गेले तरी चालते. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात. गृहपाठासारखी कामे नेमून दिलेली असतात व त्यांचे गुण निकालात धरले जातात, म्हणून ती 'फावल्या वेळेत करू' म्हणून टाळू नयेत. मराठी हा विषय तर घेता येतोच, शिवाय माध्यमिक स्तरावर मराठी माध्यमही उपलब्ध आहे. आमच्या पाहण्यात इंग्रजीला घाबरून या वाटेने न गेलेली मुले आहेत, त्यांनी हे जाणून घ्यावे.

दुसरे दार आपल्या राज्य मंडळाचे. 'सतरा नंबरचा फॉर्म' हा शब्द गावात सर्वांना ठाऊक असतो, पण तो नापास मुलांसाठीच आहे असा गैरसमज आहे. वस्तुतः शाळेत न जाता खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसणाऱ्या कोणाचीही नोंदणी याच अर्जाने होते. त्यासाठी शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. मुदत परीक्षेच्या बऱ्याच महिने आधी संपते. डिसेंबरात जागे झालेल्यांचे वर्ष वाया गेलेले आम्ही पाहिले आहे. केंब्रिजच्या आयजीसीएसई परीक्षेलाही खाजगी विद्यार्थ्याला बसता येते, पण तिचे शुल्क आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांना सहज झेपणारे नाही.

मुक्त विद्यालयाच्या प्रमाणपत्राला किंमत नाही, असे अनेकदा ऐकू येते. ते खरे नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेतून मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना वगळण्याचा प्रयत्न झाला होता. ती तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये रद्द केली. उलट, प्रमाणपत्रच नसेल तर काय होते, ते मुंबईच्या मालविका जोशी हिच्या उदाहरणावरून दिसले. सातवीनंतर शाळा सोडून ती घरी शिकली, आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळविली आणि त्या बळावर २०१६ साली तिला अमेरिकेच्या एमआयटीत प्रवेश मिळाला. आपल्या आयआयटीचे दार मात्र बंदच राहिले, कारण तेथे बारावी अनिवार्य. वर्तमानपत्रांनी या मुलीचे कौतुक केले ते योग्यच, परंतु ही कथा वाचून घरातल्या मुलाकडे त्या नजरेने पाहू लागणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. पदके सर्वांना मिळत नाहीत. दहावी-बारावी मात्र बहुतेकांना लागते.

एका पळवाटेविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. शाळेच्या पटावर नाव ठेवायचे आणि दिवसभर खाजगी क्लासमध्ये किंवा घरी बसायचे, यालाच काही पालक गृहशिक्षण समजतात. हे गृहशिक्षण नव्हे. केंद्रीय मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, २०२४ साली राजस्थान व दिल्लीतील अशा शाळांची अचानक तपासणी केली आणि नोव्हेंबरमध्ये २१ शाळांची संलग्नता काढून घेतली. मंडळाचा ७५ टक्के हजेरीचा नियम आहेच. खोट्या हजेरीने सुरू झालेल्या शिक्षणातून मूल पहिला धडा कोणता घेईल, याचा विचार पालकांनी करावा.

इतके झाल्यावर विद्यार्थ्याचा दिवस उरतो आणि खरी कसोटी तेथेच लागते. शाळेत घंटा वाजते म्हणून तास संपतो. घरी घंटा नसते. मोबाइल मात्र असतो. सुरुवातीला घरातच शाळा थाटण्याचा, सकाळी सात ते दुपारी एकचे वेळापत्रक भिंतीवर लावण्याचा मोह होतो. तो बहुधा महिनाभरात मोडतो. एका वेळी एक मूल शिकत असेल तर रोज मनापासून केलेला तीन-चार तासांचा अभ्यास पुष्कळ होतो. पुस्तकांचा खर्चही फारसा नाही: बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, एनआयओएसचेही साहित्य तसेच. अवघड जाते ते विज्ञानाचे प्रात्यक्षिक. त्यासाठी नेमून दिलेल्या केंद्रावर जावे लागते. आणि अवघड जाते ती आवडत नसलेल्या विषयाला हात घालण्याची शिस्त.

गमावण्याच्या गोष्टींची यादीही विद्यार्थ्याने आधीच करावी. शासनाच्या शालेय क्रीडा स्पर्धांत शाळेमार्फतच उतरता येते. जेथे जेथे 'बोनाफाईड' मागतात, रेल्वेच्या सवलतीच्या पासापासून शिष्यवृत्तीपर्यंत, तेथे अडते. शाळेतील मित्र पहिले दोन महिने फोन करतात, पुढे त्यांचे विषय वेगळे होतात. या एकटेपणावर धर्मग्रामात उपाय आहेत. रविवारचे धर्मशिक्षण, गायकवृंद, युवा संघटना, फुटबॉलचे मैदान ही ठिकाणे शाळा विचारीत नाहीत. चर्चच्या सभागृहाची एखादी खोली सकाळी रिकामीच असते. तेथे टेबल, पंखा व पाठ्यपुस्तकांचे कपाट ठेवून निवृत्त शिक्षकांना आठवड्यातून दोनदा बोलाविणे धर्मग्राम परिषदेला अवघड नाही. हे आम्ही एका सभेत सुचविले, तेव्हा 'मग आपली शाळा कोण भरणार?' असा प्रश्न आला. शाळेला कंटाळलेले मूल वर्गात कोंडून शाळा भरत नसते, असे आमचे मत तेव्हाही होते.

घरी शिकणे म्हणजे बहुतेक वेळा आईने घरी राहणे, हेही दडवून चालणार नाही. निर्णयाच्या बैठकीत तिला केवळ होकारासाठी बसवू नये. आणि शाळा सोडण्याचे कारण छळ किंवा अपमान असेल, तर आधी त्याची तक्रार लेखी द्यावी. पळून आलेल्या मुलाला घरचा अभ्यासही लवकरच नकोसा होतो.

त्या मुलाला आम्ही तेव्हा एवढेच सांगितले, की दाखल्याचा अर्ज जूनपर्यंत थांबव आणि सुट्टीचे सहा आठवडे घरी शिकल्यासारखे काढून पाहा. रोज काय केलेस ते एका वहीत लिही, वडिलांना फोनवर वाचून दाखव. जूनच्या पहिल्या रविवारी त्याने वही आणली. विज्ञानाची पाने भरली होती, गणिताची निम्मी. मराठीची कोरी होती आणि पाचव्या आठवड्यात चार दिवस कशाचीच नोंद नव्हती. "फुटबॉलची मॅच होती," तो म्हणाला, आणि आई प्रथमच हसली. नववीला तो शाळेतच गेला. एनआयओएसची माहितीपुस्तिका त्यांच्या कपाटात आहे. दिवाळीच्या सुट्टीत वडील येतील, तेव्हा तिघे मिळून ठरविणार आहेत.