चित्र एक, अर्थ दोन: सॉफ्टवेअरच्या आकृत्यांचा जुना घोळ

पेमेंट अ‍ॅपची एक आकृती डोळ्यांसमोर आणा. मोठी चौकट: ‘पेमेंट सुरू’. तिच्या आत दोन छोट्या: ‘रक्कम’ आणि ‘पिन’. मोठ्या चौकटीतून निघालेला बाण सांगतो, ‘बॅक’ दाबलं की पेमेंट रद्द. ‘पिन’मधून निघालेला बाण सांगतो, ‘बॅक’ दाबलं की परत ‘रक्कम’वर. आता तुम्ही पिन टाकताय आणि बॅक दाबलंत. काय होईल?

कोणाचा नियम लावता, त्यावर आहे. अशा आकृत्यांना स्टेटचार्ट म्हणतात. इस्रायली संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल यांनी त्या मांडल्या. त्यांचा गाजलेला लेख १९८७चा. त्यांच्या ‘स्टेटमेट’ टूलमध्ये बाहेरची चौकट जिंकते, म्हणजे पेमेंट रद्द. यूएमएल या प्रसिद्ध आकृतीभाषेत आतली जिंकते. चित्रात मात्र एका रेषेचाही फरक नाही!

यूएमएल १९९७मध्ये ओएमजी या संस्थेचं मानक झालं. (कॉम्प्युटरवाल्यांनी परीक्षेत ते घोटलंच असेल.) त्यातला पोकळ चौकोनी हिरा आठवतोय? त्याचा नेमका अर्थ मानकानेच आकृती काढणाऱ्यावर सोडलाय. मला हे जरा अतीच वाटतं.

‘फॉर्मल अर्थ’ देणं म्हणजे प्रत्येक चिन्हाला गणिती नियम लावणं: या स्थितीत ही घटना घडली, तर पुढे नेमकं काय. मग ‘पैसे कापले पण ऑर्डर नाही’ अशी वाट आकृतीत आहे का, हे कॉम्प्युटरलाच शोधायला लावता येतं. २०११मध्ये एफयूएमएल आलं. त्याने यूएमएलच्या छोट्या भागाला असा पक्का, चालवून बघता येणारा अर्थ दिला.

मोठी उडी २०२५मध्ये पडली. ओएमजीने सिसएमएलची दुसरी आवृत्ती मंजूर केली. विमान, गाडी, उपग्रह अशा यंत्रणांची रचना मांडायची ही भाषा. पहिली आवृत्ती यूएमएलवर उभी होती. दुसरी केरएमएल नावाच्या नव्या पायावर आहे आणि त्याचा गाभा तर्कशास्त्रात मांडलाय. तेच मॉडेल चित्रातही लिहिता येतं, मजकुरातही.

व्हाइटबोर्डवर चहा पिता पिता काढलेल्या आकृतीला हे काही लागत नाही. पण विमानाच्या ब्रेकला लागतं. आणि खरी डोकेदुखी पुढे आहे: जुनी मॉडेल्स नव्या भाषेत आणताना, त्या चित्रांचा अर्थ मुळात काय होता, हे आधी कुणालातरी ठरवावं लागणार.