प्रतीचा ताळा

आमच्या बेळगावच्या पेढीवर आजोबांच्या काळी दिवेलागणीनंतरचा एक नेम असे. गिऱ्हाइकांची वर्दळ ओसरली की दिवाणजी गल्ल्यातील रोकड मोजीत, कीर्दीतील जमा-नावेच्या बेरजा घेत आणि निघालेली शिल्लक हातातील रकमेशी ताडून पाहत. दोन आण्यांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत कोणी घरी जात नसे. लहानपणी मला याचे मोठे नवल वाटे. दोन आण्यांसाठी एवढा वेळ दिवा का जाळावा? पुढे गादीवर बसू लागल्यावर उमगले की, वहीत जे लिहिले आहे तेच गल्ल्यात आहे, याची रोजच्या रोज खात्री करून घेण्याची ती रीत होती. तिलाच आपण ताळा पाहणे म्हणतो.

सांप्रत कीर्द व खतावणी ही दोन्ही संगणकात गेली आहेत. बेरजा यंत्र करते आणि बिनचूक करते. हिशेबाची एक प्रत हाताशी असावी म्हणून आपण बाहेरून जोडावयाची हार्डडिस्क विकत आणतो, बॅकअप घेणारी एखादी प्रणाली बसवितो आणि निर्धास्त होतो. ही निर्धास्तता फसवी आहे. घेतलेली प्रत उघडून, तिच्यातून हिशेब पुन्हा उभा करून पाहिल्यावाचून तिला प्रत म्हणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते ग्रंथ वाचून बनलेले नाही. नुकसान सोसून बनले आहे.

आमचा कापडाचा व्यापार. हिशेबाचा संगणक घरीच, दिवाणखान्याशेजारच्या खोलीत. २०२३ सालच्या मार्च महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो एकाएकी बंद पडला. दुरुस्ती करणाऱ्याने दोन दिवस खटपट केली आणि आतील डिस्कपुढे हात टेकले. घरात कोणी घाबरले नाही, कारण बॅकअपची हार्डडिस्क होती. तिचा निळा दिवा रोज रात्री लुकलुके आणि रोज सकाळी पडद्यावर ‘काम यशस्वी’ असा संदेश दिसे. ती दुसऱ्या संगणकाला जोडली. टकटक असा आवाज आला आणि डिस्क पडद्यावरून नाहीशी झाली. तेव्हा मात्र सर्वांचे चेहरे उतरले. नातवाने लांबलचक केबल काढून आखूड केबल लावली, पुढील खाचेऐवजी संगणकाच्या पाठीमागील खाचेत जोडली, आणि डिस्क सुरळीत चालू झाली. विजेचा पुरवठा अपुरा पडत होता, एवढेच.

परंतु खरा आघात त्यानंतरचा. डिस्क उघडली, तो हिशेब अकरा महिन्यांपूर्वीचा! २०२२ च्या एप्रिलमध्ये आम्ही हिशेबाच्या प्रणालीची नवी आवृत्ती घेतली होती. तिने आपले दप्तर नव्या फोल्डरमध्ये थाटले. बॅकअपची प्रणाली मात्र जुन्याच फोल्डरची प्रत रोज रात्री इमानेइतबारे काढीत राहिली. तिला नेमून दिलेले काम ती करीत होती आणि ‘काम यशस्वी’ हा तिचा संदेशही खोटा नव्हता. डिस्क धड, प्रणाली धड, चुकलो आम्ही. अकरा महिन्यांत एकदाही ती प्रत कोणी उघडून पाहिली नव्हती.

नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेली विक्री जीएसटीच्या विवरणपत्रांतून हाती लागली. बँकेने उतारे दिले. खरेदीची बिले फाईलमध्ये होती. राहिली ती किरकोळ गिऱ्हाइकांची उधारी. विवरणपत्रात तिची केवळ एकत्रित बेरीज असते, नावनिशी नसते. संगणक आल्यावर कच्ची वही ठेवणे आम्ही बंद केले होते. अखेर खानापूर व चिकोडीकडील जुन्या गिऱ्हाइकांना, ज्यांच्या तीन पिढ्यांचे लग्नाचे बस्ते आमच्याकडे बांधले गेले त्यांना, मला विचारावे लागले की, आपल्याकडे आमचे येणे किती, ते आपणच सांगावे. बहुतेकांनी प्रामाणिकपणे सांगितले. एका म्हाताऱ्या बाईने तर पदराच्या गाठीतून आमच्याच हातची चिठ्ठी काढून दाखविली. दोघांशी मात्र रकमेवरून बोलाचाली झाली. ती दोन्ही खाती मी सोडून दिली. पैसा गेला त्याचे दुःख थोडे. परंतु व्यापाऱ्याने आपले येणे गिऱ्हाइकाला विचारावे, यासारखी नामुष्की नाही.

कायदाही या बाबतीत आपल्यापेक्षा सावध आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची दप्तरे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. त्याखालील २०१७ च्या नियमांतील नियम ५७ संगणकीय दप्तराच्या बॅकअपविषयी आहे. अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने मूळ दप्तर नष्ट झाल्यास वाजवी मुदतीत माहिती पुन्हा मिळविता येईल अशा रीतीने बॅकअप ठेवावा, असे तो सांगतो. नियमकर्त्याने भर दिला आहे तो माहिती परत मिळण्यावर. आपण मात्र डिस्क विकत घेण्यापाशीच थांबतो.

वहीत आणि हार्डडिस्कमध्ये एक मोठे अंतर आहे. वहीला वाळवी लागली, ओल आली, पान फाटले, तर ते डोळ्यांना दिसते. डिस्क बाहेरून जशीच्या तशी राहते आणि आतून निकामी होते. आत तबकड्या मिनिटाला हजारो फेरे घेत असतात आणि वाचणारा काटा त्यांच्या पृष्ठभागावरून काही नॅनोमीटर अंतराने तरंगत असतो. चालू डिस्कला टेबलावरच्या टेबलावर धक्का लागला तरी इजा होऊ शकते. म्हणून तिची प्रकृती ओळखण्याच्या चार गोष्टी घरातील प्रत्येक कर्त्या माणसाला ठाऊक हव्यात. मी संगणकशास्त्राचा जाणकार नव्हे. पण पोळल्यावर जे शिकलो ते सांगतो.

डिस्क दिसेनाशी झाली की प्रथम केबल बदलावी, मग खाच बदलावी, मग दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावे. आणि हे एका वेळी एकच बदलून पाहावे, म्हणजे दोष कोठे आहे ते कळते. अडीच इंची डिस्क संगणकाच्याच विजेवर चालते. यूएसबी २.० च्या खाचेतून ५०० मिलिअँपिअर आणि ३.० च्या खाचेतून ९०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळावयाचा, हे प्रमाण ठरलेले आहे. एका खाचेला चार उपकरणे लोंबकळविली की डिस्क उपाशी राहते. साडेतीन इंची डिस्कला स्वतंत्र वीज लागते. तेथे प्रथम ॲडाप्टर तपासावा.

तरीही दिसली नाही, तर विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. पुष्कळदा डिस्क तेथे सुखरूप असते. तिला ओळखीचे अक्षर तेवढे मिळालेले नसते, किंवा ते अक्षर दुसऱ्याच एखाद्या उपकरणाने घेतलेले असते. अक्षर दिले की ती प्रकट होते. परंतु संगणकाने ‘फॉरमॅट करू काय?’ किंवा ‘इनिशियलाइझ करू काय?’ असे विचारल्यास, आत आपला हिशेब असताना कदापि ‘होय’ म्हणू नये. डिस्क वाचता येत नाही, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ असतो. ती मॅकवर तयार केलेली असेल, तिची मांडणी बिघडलेली असेल किंवा ती खरोखरच मरणपंथाला लागली असेल. वर नवे काही लिहिले गेले की जुने परत मिळण्याची आशा तेवढी कमी होते.

केबल आणि वीज ठीक असूनही टकटक वा घरघर असा आवाज येत राहिला, तर डिस्क ताबडतोब बंद करावी. अशा वेळी ‘चेकडिस्क’ चालविण्याचा मोह होतो. पण ते साधन नोंदींची मांडणी सुधारते. झिजलेले यंत्र नव्हे. दुबळ्या डिस्कला त्याचे श्रम सोसत नाहीत. आतील मजकूर मोलाचा असेल तर ती जाणत्याच्या हाती द्यावी.

डिस्क धडधाकट असून बॅकअप होत नसेल, तर कारणे बहुधा साधी असतात. रात्री दोनची वेळ ठरवून दिलेली असते आणि त्या वेळी संगणक झोपलेला असतो. डिस्क भरलेली असते. जुन्या फॅट३२ पद्धतीने तयार केलेल्या डिस्कवर चार गिगाबाइटहून मोठी एकच फाईल मावत नाही, म्हणून मोठी फाईल तेवढी मागे राहते. हिशेबाची प्रणाली उघडी असताना प्रत घेतली तर ती अर्धवट निघण्याचा संभव असतो. डिस्कचे अक्षर बदलले की प्रणालीला तिचे घर सापडत नाही. आणि आमच्यासारखे दप्तराचे ठिकाण बदलले, तर ती काहीच तक्रार करीत नाही. यासाठी केवळ ‘यशस्वी’ या शब्दावर न विसंबता प्रणालीची नोंदवही वाचावी. किती फायली घेतल्या, किती सोडल्या, शेवटच्या फाईलची तारीख कोणती, ही दिवाणजींची नजर येथेही हवी.

मोठ्यांच्या घरीही हेच घडते. १९९८ साली पिक्सार या चित्रपटसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ तयार होत असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाचा बहुतांश भाग संगणकावरून पुसला गेला. बॅकअप होता, पण तो काही काळ नीट चालतच नव्हता आणि हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. गॅलिन सुसमन या तेथील अधिकारी बाळंतपणानंतर घरून काम करीत असल्यामुळे त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तिच्यावरून चित्रपट पुन्हा उभा राहिला आणि १९९९ मध्ये प्रकाशित झाला. एवढ्या मातब्बर संस्थेला जे नशिबाने लाभले, ते आपल्यालाही लाभेल असे धरून चालणे व्यापाऱ्याला शोभत नाही.

काही तरुण मित्र म्हणतात, “आता सारे क्लाउडवर असते; ही डिस्कची दगदग कशाला?” त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये बडोद्यात पुराचे पाणी घरा-दुकानांत शिरले. अशा प्रसंगी एकाच टेबलावरील संगणक आणि डिस्क एकाच पाण्यात जातात, म्हणून एक प्रत घराबाहेर हवीच. परंतु केवळ दोन्हीकडे सारखेपणा राखणारी क्लाउडची सोय म्हणजे बॅकअप नव्हे. येथे फाईल पुसली की तेथीलही पुसली जाते. काही ठिकाणी ठरावीक दिवस ती परत मागता येते, पुढे तेही नाही. आणि सदैव जोडून ठेवलेली डिस्कही सुरक्षित नव्हे. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्रायने संगणकाबरोबर त्याला जोडलेल्या डिस्कवरील फायलींनाही कुलूप ठोकले. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा जाणत्यांत रूढ असलेला नियम मला पटतो. काम झाले की डिस्क रीतसर ‘इजेक्ट’ करून कपाटात ठेवावी.

आणखी एक गोष्ट परवलीच्या शब्दाची. डिस्कला कुलूप घालणे योग्यच. पण किल्ली एकाच्याच डोक्यात असणे घातक. बिटलॉकरने बंद केलेल्या डिस्कचा परवलीचा शब्द विसरला, तर ४८ अंकी परत-किल्ली लागते. तीही नसेल तर डिस्क धड असूनही निरुपयोगी. ही किल्ली कागदावर लिहून, पाकिटात बंद करून तिजोरीत ठेवावी आणि घरातील दुसऱ्या एका व्यक्तीस त्याची कल्पना द्यावी. घरचा कर्ता माणूस गेल्यावर त्याच्या दुःखाबरोबर हिशेबाचेही दार बंद व्हावे, हे बरे नव्हे.

म्हणून व्यापारी बंधूंस माझी एक सूचना आहे. दिवाळीत आपण वहीपूजन करतो. आता पुष्कळ घरी वहीशेजारी संगणकालाही हळदकुंकू लागते. त्याच दिवशी बॅकअपची डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडावी, कालच्या तारखेचा हिशेब तिच्यातून निराळ्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यावा, तो हिशेबाच्या प्रणालीत उघडावा आणि कोणत्याही पाच खात्यांची शिल्लक मूळ हिशेबाशी ताडून पाहावी. अर्ध्या तासाचे काम आहे. पुढे दर महिन्याच्या अखेरीस हेच करावे, आणि प्रणालीची आवृत्ती बदलली तर त्याच दिवशी. आपल्या संघाने वर्षातून एक सायंकाळ या कामी द्यावी. ज्यांना हे जमते अशा मुलामुलींनी वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून हे शिकवावे. हे काम संगणकवाल्या मुलाचे, असे म्हणून गादीवरच्या माणसाने अंग काढून घेऊ नये. रोकड मोजावयास दिवाणजी असत. पण ताळा जुळला की नाही हे आजोबा स्वतः पाहत.

आमच्या घरी आता हा ताळा दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी नातू पाहतो आणि मी शेजारी बसतो. गेल्या खेपेस पाचांपैकी एका खात्यात चाळीस रुपयांचा फरक निघाला. प्रत घेतल्यानंतर सकाळी झालेली एक जमा होती ती. ती सापडेपर्यंत आम्ही दोघे उठलो नाही.