पेरभर उंचीचे सैनिक

टेबलावर पेरभर उंचीच्या सैनिकांची फौज मांडावी, फासे टाकावे, पट्टीनें अंतर मोजावें आणि कल्पित भविष्यकाळांतील युद्धें खेळावीं, हा छंद इंग्लंडांत व इतर पाश्चात्त्य देशांत चांगलाच रुजला आहे. आपल्याकडीलही कांहीं विद्यार्थ्यांच्या टेबलावर आतां ते सैनिक व रंगाच्या इवल्या बाटल्या दिसूं लागल्या आहेत. या छंदावर वडील मंडळींचे दोन आक्षेप असतात. मिसरूड फुटूं लागलेल्या मुलांनीं बाहुल्या रंगवीत वेळ दवडावा हें शोभत नाहीं, हा पहिला. दुसरा याहून गंभीर आहे. ज्या विद्यालयांत रोज सकाळीं शांतीसाठीं प्रार्थना होते, तेथील मुलांनीं संहाराचा खेळ मांडावा काय? हे आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगे नाहींत. तथापि प्रस्तुत लेखकास असें वाटतें कीं, या छंदांत दोष आहे खरा, पण तो आक्षेपक दाखवितात तेथें नाहीं.

गंभीर आक्षेप आधीं घेऊं. टेबलावरील युद्ध हें मूळचें मुलांचें नव्हेच. प्रशियाच्या सैन्यांतील रायस्विट्झ नांवाच्या अधिकाऱ्यानें १८२४ सालीं अशा खेळाची नियमावली प्रसिद्ध केली, ती लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं. त्यास घरगुती करमणुकीचें रूप देऊन लोकप्रिय करण्याचें श्रेय बव्हंशीं एच. जी. वेल्स यांचें. मंगळावरील प्राण्यांच्या स्वारीची कादंबरी १८९८ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध करणारे हेच ते वेल्स. १९१३ सालच्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकांत त्यांनीं शिशाचे सैनिक, ठोकळ्यांचीं घरें आणि लाकडी गोळी फेंकणारी स्प्रिंगची तोफ घेऊन जमिनीवर खेळावयाचें युद्ध वर्णिलें आहे. पण अखेरीस खेळ बाजूस ठेवून ते जें सांगतात तें अधिक महत्त्वाचें. हें लुटुपुटीचें युद्ध तीनचार वेळां खेळणाऱ्यास खरें युद्ध किती गोंधळाचें असतें हें कळल्यावांचून राहत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. युद्धाची खुमखुमी असलेल्या राजांना व देशभक्तांना एका भव्य दालनांत ठेवून असलीं खेळणीं द्यावीं, अशीही त्यांची सूचना होती. ती कोणीं ऐकिली नाहीं. पुढच्याच वर्षीं पहिलें महायुद्ध पेटलें. खेळानें शांति येते असें म्हणण्याचें धाडस म्हणूनच आम्ही करीत नाहीं. खेळानें युद्ध येतें हेंही मात्र सिद्ध झालेलें नाहीं.

हल्लींच्या खेळांत विशेष प्रसिद्ध तो ‘वॉरहॅमर ४०,०००’. १९७५ सालीं लंडनमध्यें स्थापन झालेल्या व आतां नॉटिंगहॅम येथें असलेल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीनें तो १९८७ सालीं काढला. त्याचे मूळ कर्ते रिक प्रीस्टली. त्यांतील काळ एक्केचाळिसाव्या सहस्रकाचा. मानवाचें साम्राज्य ताऱ्यांपर्यंत पसरलेलें, पण सम्राट सुवर्णसिंहासनावर मृतप्राय होऊन बसलेला, प्रजा अज्ञानांत बुडालेली, विज्ञानाची जागा कर्मकांडानें घेतलेली आणि युद्ध अखंड चाललेलें! हें चित्र अनुकरणासाठीं काढलेलें नाहीं; तो उपहास आहे. तरीही कांहीं लोक त्या साम्राज्यालाच आदर्श मानूं लागले, तेव्हां २०२१ सालीं खुद्द कंपनीस जाहीर करावें लागलें कीं, हें साम्राज्य उपहासाचा विषय आहे आणि द्वेष पसरविणाऱ्यांना या छंदांत स्थान नाहीं. यावरून एवढेंच ठरतें कीं, खेळावयास बसतांना विवेक बाहेर ठेवून चालत नाहीं. महाभारत वाचून कोणीं शकुनीचें शिष्यत्व पत्करलें, तर तो दोष व्यासांचा नव्हे.

आतां पहिला आक्षेप. हे सैनिक सामान्यतः रंगविलेले मिळत नाहींत, ही गोष्ट आक्षेपकांस बहुधा ठाऊक नसते. पूर्वीं ते धातूचे ओतीत. हल्लीं बहुतेक प्लास्टिकचे असतात. हात, पाय, शिरस्त्राणें व शस्त्रें असे सुटे भाग एका चौकटीस जोडलेले येतात. ते कापून काढावयाचे, सांच्याची उमटलेली रेघ चाकूनें खरवडावयाची, मग भाग जोडावयाचे. त्यावर प्रथम अस्तराचा रंग. तो वाळला कीं मूळ रंगाचे दोन पातळ हात. नंतर पाण्यासारखा पातळ गडद रंग सोडला म्हणजे तो खांचांत उतरून छाया दाखवितो, आणि जवळजवळ कोरडा केलेला कुंचला उंचवट्यांवरून हलकेच फिरविला म्हणजे कडा उजळतात. सर्वांत शेवटीं डोळे. २८ मिलिमीटर उंचीच्या मूर्तीचा डोळा मोहरीहूनही लहान. तेथें श्वास रोखूनच कुंचला टेंकवावा लागतो.

प्रस्तुत लेखकानें आपला पहिला सैनिक एका संध्याकाळीं उरकला. रंग बाटलींतून आला तसाच जाड थापला. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों नाक, तोंड, चिलखताचे सांधे सर्व बुजून गेलेले; सैनिक कसला, शेंदूर फांसलेला धोंडाच! तो रंग काढून पुन्हां आरंभ करण्यांत तीन संध्याकाळी गेल्या. पहिला थर वाळेपर्यंत हात आवरून बसणें हेंही कामच आहे, हें त्या तीन संध्याकाळींनीं शिकविलें. हा धडा ज्यास मिळाला त्याचा वेळ व्यर्थ गेला असें कोण म्हणेल? खेळाचे कर्तेही रंगकामाची योग्यता जाणतात. २०२० सालच्या नियमावलींत शंभरांपैकीं दहा गुण केवळ फौज पूर्ण रंगविलेली असण्याबद्दल ठेविलेले होते.

रणभूमीच्या देखाव्यांत तर कल्पकतेस याहूनही वाव आहे. पुठ्ठ्याच्या नळ्या, बाटल्यांचीं टोपणें, मोडक्या यंत्रांचे भाग, थोडी वाळू व डिंक एवढ्यावर परग्रहावरील उद्ध्वस्त नगर उभें राहतें. त्या प्रारंभींच्या काळांत कंपनीच्याच छापील पानांवर सुगंधी द्रव्याच्या रिकाम्या डबीपासून हवेंत तरंगणारें युद्धयान कसें करावें हें दाखविलेलें होतें. दिवाळींत दगडमातीचा किल्ला रचून, त्यावर अळीव पेरून, मातीचे मावळे मांडणाऱ्या आपल्या मुलांना ही विद्या परकी वाटण्याचें कारण नाहीं.

मग दोष कोठें? तो संग्रहाच्या हव्यासांत आहे. पेटी विकत आणणें क्षणाचें काम; ती रंगविणें महिन्याचें. नवीन मूर्ती सतत निघत असतात, आणि पहिली पेटी अर्धवट असतांच दुसरीवर डोळा जातो. न रंगविलेल्या मूर्तींची रास कपाटांत वाढत राहते. इंग्रज छांदिष्टच थट्टेनें तिला ‘लाजेचा ढीग’ म्हणतात! या थट्टेंत सत्य आहे. पैसे देऊन मूर्ति घरांत येते. आपली होते ती रंगविल्यावर. तेव्हां आमचें मत असें कीं, हातांतील दहा सैनिक पुरे झाल्यावांचून अकरावा आणूं नये, चौघां मित्रांनीं मिळून एक पेटी घ्यावी, आणि देखावा शक्य तों टाकाऊ वस्तूंचाच करावा. हा निर्बंध ज्यास पाळवत नाहीं त्यानें हा छंद खुशाल सोडावा. त्यास खरेदीचा छंद आहे, रंगकामाचा नाहीं.

शेवटीं एक विचार सांगतों. तीन संध्याकाळी खर्चून रंगविलेला तो सैनिक फाशाच्या एका दानानें पडतो. त्यास उचलून आपण हळूच पेटींत ठेवितों, आणि पुढच्या रविवारीं तो पुन्हां टेबलावर उभा राहतो. खऱ्या रणांत पडलेला सैनिक कोणत्याही पेटींतून परत निघत नाहीं. त्यालाही कोणा मातेनें वीस वर्षें जपून घडविलेलें असतें. ज्याच्या बोटांना एक मूर्ति घडविण्याचे कष्ट ठाऊक आहेत, त्यास एवढी गोष्ट कळावयास कठीण जाऊं नये.