खंडेनवमीचा कोहळा

आज खंडेनवमी. वाशीच्या बाजार समितीतून पहाटे निघालेला झेंडू एव्हाना घरोघरी पोहोचला असेल. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत लख्ख पुसलेल्या यंत्रांना हळदकुंकू लागेल, रिक्षांना हार पडतील आणि नवमीच्या होमात कोहळा चिरला जाईल. ज्या हत्यारावर आपले पोट, त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडायचे, ही आपली रीत. मेंदू आणि मणक्याची शस्त्रक्रिया शिकणाऱ्या तरुण डॉक्टरांचे हत्यार मात्र ताटात मांडता येत नाही. त्यांचे खरे हत्यार म्हणजे त्यांचा हात. आज दोन फुले त्या हातासाठीही ठेवू या.

कोहळ्याचे आणि शल्यविद्येचे नाते जुने आहे. सुश्रुतसंहितेत ‘योग्यासूत्रीय’ नावाचा अध्यायच आहे. योग्या म्हणजे हाताचा सराव. शास्त्र कितीही मुखोद्गत असो, सरावावाचून शिष्य शस्त्रकर्माला अपात्रच, असे तो बजावतो. कापायला शिकावे ते कोहळा, दुधी, कलिंगड, काकडीवर. शीर वेधायला शिकावे ते मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर. टाके घालावेत जाड वस्त्रावर. माणसाच्या अंगाला शस्त्र लागण्याआधी किती फळांनी ते स्वतःवर झेलायचे!

आज त्या कोहळ्याशेजारी अंडे येऊन बसले आहे. कच्च्या अंड्याचे कवच ड्रिलने असे उतरवायचे, की आतल्या पापुद्र्याला ओरखडाही येऊ नये. कारण उद्या गाठ आहे ती कवटीखालच्या नाजूक आवरणाशी. कोंबडीच्या पंखातली जेमतेम मिलिमीटरभराची रक्तवाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने जोडायची. टाका चुकला की उसवायचा, पुन्हा घालायचा. इंटर्नशिपसह एमबीबीएसची साडेपाच वर्षे, एमएसची ३ आणि एमसीएचची ३, अशी उमेदीची वर्षे या सरावात विरघळतात.

पण हाताआधी तयार व्हावी लागते ती नजर. मध्यरात्री शीव-पनवेल महामार्गावर हेल्मेटविना पडलेला दुचाकीस्वार आणला जातो. डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितलेली हालचाल करतो का, हे पाहून ३ ते १५ या अंकांत त्याची शुद्ध मोजायची. १९७४ साली ग्लासगोत मांडलेले हे माप आज जगभर चालते. डोळ्यांच्या बाहुल्यांवर उजेड टाकून पाहायचा, थोड्या वेळाने सगळे पुन्हा मोजायचे. अंक उतरू लागला की घाई कशाची करायची, हे उमगायला हवे; आणि कुठे हात आवरायचा, हेही. मग बाहेर बाकावर बसलेल्या आईला खरे ते, पण मायेने सांगायचे. हेही कौशल्यच, आणि त्याच्या सरावाला कोहळा नाही.

परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी मानेचे पहिले दोन मणके प्लेट आणि स्क्रूने सांधण्याची पद्धत घडवली. १९९४ साली ती शोधनिबंधातून जगापुढे आली आणि आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. तिथे मेंदूकडे जाणारी धमनी स्क्रूच्या वाटेला लागूनच असते. ते अंतर पुस्तकातल्या चित्रात कळते. बोटांत उतरते ते गुरूच्या शेजारी उभे राहून आणि मृतदेहावर पुन्हा पुन्हा विच्छेदन करून.

आणि ते देह येतात आपल्यातूनच. आपल्यावर उपचार करणारा हात सरावलेला असावा, ही आपली अपेक्षा रास्त आहे. तर त्या सरावाला आधार देणे हे आपले देणे ठरते. देहदानाचा अर्ज भरावा, घरच्यांना ते आजच सांगून ठेवावे. दुचाकीला हार घालताना हेल्मेटलाही कुंकू लावावे आणि ते रोज डोक्यावर चढवावे.

उद्या दसऱ्याला आपण एकमेकांच्या हातात आपट्याची पाने ठेवू आणि त्यांना सोने म्हणू. कधी काळी आपला देह एखाद्या शिकणाऱ्या हाताखाली गेला, तर त्याच्या पहिल्या चुका आपण सोसलेल्या असतील. पुढच्या माणसाला त्या सोसाव्या लागणार नाहीत. नवमीचा कोहळा आपल्याला हेच तर शिकवत आला आहे.